छातीतली गाठ साधीच आहे म्हणता, मग घाई कसली? सर्जन डॉक्टरांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र कुणा एका डॉक्टरला नाहीये. तालुक्याच्या गावात वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणारे सर्जन, गायनॅक मॅडम, सोनोग्राफीवाले, सिव्हिलच्या ओपीडीला बसणारे, आणि तुमच्या ज्या काय संघटना असतील त्यांचे पदाधिकारी, सगळ्यांनाच आहे. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कर्जाचं टेबल सांभाळते, सोळा वर्षं झाली. त्यामुळे दोन सवयी लागल्यात, एक म्हणजे कागदावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचायचं, आणि दुसरी म्हणजे समोरचा घाई करायला लागला की आपण मुद्दाम सावकाश व्हायचं.

झालं असं की रात्री पावणेबाराला भाचीचा मेसेज आला, "मावशी जागी आहेस का". ही पोरगी एकोणीस वर्षांची, पुण्याला होस्टेलवर, आणि असा मेसेज म्हणजे एकतर पैसे संपलेत नाहीतर रूममेटशी भांडण, म्हणून मी आरामात "बोल" लिहिलं. तर खाली आलं, "छातीत गाठ लागतीये. गोटीसारखी. हलतीये." मी उठून बसले. कारण हेच शब्द, अगदी गोटीसारखी आणि हलतीये सकट, मी २००८ मध्ये न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर येऊन आईला सांगितले होते.

तेव्हा मी बावीसची. आईने पहिलं काय केलं तर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, दुसरं म्हणजे "कुणाला बोलू नकोस" म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी बाबांना कायतरी भलतंच सांगून मला घेऊन निघाली. डॉक्टरांनी पडद्यामागे नेऊन तपासलं, पाच मिनिटं पण लागली नसतील, एक सोनोग्राफी करायला लावली आणि म्हणाले, साधीच वाटतीये, काढून टाकू, उगाच उद्या लग्नाच्या वेळी कटकट नको. सुई नाही, तुकडा तपासणी नाही, काही नाही. गुरुवारी ॲडमिट, पूर्ण भूल, एक रात्र मुक्काम, चौदा हजार बिल, ते गोठ्यावर नवीन पत्रे टाकायला ठेवलेल्या पैशातून गेलं. आणि दहा दिवसांनी रिपोर्ट आला, फायब्रोअडेनोमा, कॅन्सर नाही. म्हणजे बघा हं, गाठ नेमकी कसली आहे हे कळलं कधी, तर कापून झाल्यावर. आमच्याकडे आधी कर्ज वाटून मग कागदपत्रं तपासली तर मॅनेजर घरी जाईल.

जखम भरली पण व्रण थांबेना, वाढतच गेला, गुलाबी, दोरीसारखा जाड, उन्हाळ्यात इतका खाजायचा की रात्री झोपेत ओरबाडलं जायचं, आणि ब्राची शिवण बरोबर त्याच्यावरून जायची. केलॉइड म्हणतात त्याला हे नंतर कळलं, छातीवर तो जास्त होतो हे पण नंतरच कळलं. ऑपरेशनच्या आधी यातलं काहीही कुणी बोललं नव्हतं. बरं, चोरून केलेली गोष्ट चोरून राहते थोडीच. एका कांदेपोह्याला मामा तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन गेला, आपलं काही लपवायचं नाही म्हणून, आणि मुलाच्या आत्याने तो चष्मा लावून वाचला. रिपोर्टमध्ये खाली स्पष्ट लिहिलेलं की कॅन्सर नाही, पण वरती तपासणीचं कारण म्हणून मॅलिग्नन्सी, म्हणजे कॅन्सर, हा शब्द होता, आत्याबाई तिथेच अडकल्या. स्थळ गेलं. गेलं ते बरंच झालं म्हणा, पुढचं चांगलं निघालं, हे लिहीतीये तेव्हा शेजारी घोरतंय.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी त्यांना जे येत होतं ते केलं आणि पोटाला चिमटा काढतील इतकं बिल पण लावलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, ते म्हणजे इतक्या वर्षांनी माझ्या भाचीला घेऊन मी गेले तर संवाद तोच, शब्दाला शब्द तोच.

पुण्यात सोनोग्राफीला गेलो. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या बोर्डाखाली तीन पोटुशा बायका आणि मधे ही जीन्सवाली पोरगी, सगळ्याजणी हिच्याकडे बघतायत. आत एसी फुल, जेल बर्फासारखं गार, ते लावल्याबरोबर ती दचकली तर डॉक्टर म्हणाले "हलू नका". मग स्क्रीनकडे बघत बघत पलीकडे टायपिंग करणाऱ्या मुलीला सांगत होते, "सिक्स्टीन बाय नाइन, वेल डिफाइन्ड, वायडर दॅन टॉल". भाची माझ्याकडे बघतीये, मी मॉनिटरकडे बघतीये, मॉनिटरवर काळं पांढरं ढगासारखं काहीतरी आणि त्यात आडवा पडलेला एक काळा वाटाणा. आम्हाला कुणी काही बोललं नाही. "वायडर दॅन टॉल" म्हणजे उभी असण्यापेक्षा आडवी, आणि ती चांगली खूण असते, हे मला घरी येऊन शोधावं लागलं. ते एक वाक्य डॉक्टर टायपिस्टऐवजी पोरीला मराठीत म्हणाले असते ना, "गाठ आडवी आहे, कडा गुळगुळीत आहेत, बहुतेक काळजीचं काही नाही", तर तिची ती रात्र वाचली असती. रिपोर्टवर बायरॅड्स ३. म्हणजे बहुतेक साधी, कॅन्सर असायची शक्यता शंभरात दोनपेक्षा पण कमी, थोड्या महिन्यांनी परत बघा असा त्याचा अर्थ.

तो कागद घेऊन सर्जनकडे गेलो. सर्जन म्हणाले, काढून टाकू, शुक्रवारी स्लॉट आहे. मी विचारलं, "आणि नाही काढली तर?" ते जरा थांबले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग तुमची जबाबदारी."

डॉक्टर, या तीन शब्दांसाठी हे पत्र आहे. तुमची जबाबदारी म्हटलं की एकोणीस वर्षांची पोरगी आणि तिची आई काय ऐकते माहितीये का, ती ऐकते की कॅन्सर झाला तर आम्ही सांगितलं होतं. मग ती सही करते. त्याला तुम्ही संमती म्हणता. आमच्याकडे जामीनदाराला असं घाबरवून सही घेतली तर तो उद्या उपनिबंधकाकडे तक्रार करेल आणि त्याचं बरोबर असेल.

आम्ही शुक्रवारचा स्लॉट घेतला नाही, दुसऱ्या एका मॅडमकडे गेलो. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनाने चित्र काढून दाखवलं. ही गाठ म्हणजे दुधाच्या ग्रंथी आणि त्यांच्या आजूबाजूचं जे बांधकाम असतं तेच एका जागी जरा जास्त वाढलंय, पंधरा ते पस्तीसच्या वयात ही सगळ्यात जास्त सापडणारी साधी गाठ, हॉर्मोनच्या तालावर चालते, गरोदरपणात वाढू शकते, पाळी गेल्यावर आक्रसते, बऱ्याचजणींची आहे तेवढीच राहते, काहींची आपोआप लहान होते, थोड्याजणींची वाढते. साध्या फायब्रोअडेनोमामुळे पुढे कॅन्सर होण्याचा धोका जवळपास वाढत नाही. बोट लावलं की सटकते म्हणून इंग्रजीत हिला ब्रेस्ट माऊस म्हणतात, हे ऐकून पोरगी पाच दिवसांत पहिल्यांदा हसली आणि तिथल्या तिथे तिने गाठीचं नाव उंदीर ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, आधी खात्री करू, बाकीचं मग. हाताने तपासणी, सोनोग्राफी आणि सुईने तुकडा, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निवांत. तेवढ्यात ताईच्या जाऊबाईंचा फोन, सुई टोचू देऊ नका, सुई टोचली की पसरतं म्हणे. हा गैरसमज घरोघर आहे, तुम्हाला माहितीच असेल, पण त्याच्यावर तुमच्यापैकी कुणी वेटिंग रूममध्ये एक कागद चिकटवलेला मी अजून बघितला नाही. गाठीची जागा सुन्न केली, सोनोग्राफीवर बघत सुई आत, आणि टक्. मोठ्या स्टेपलरसारखा आवाज. तीनदा टक्. आधी सांगितलं होतं की आवाज येईल म्हणून ती हलली नाही. बाहेर येऊन तिने वडापाव खाल्ला. रिपोर्ट आला, फायब्रोअडेनोमा, बाकी काही नाही. मग मॅडम जे म्हणाल्या ते मला २००८ मध्ये ऐकायचं होतं, म्हणाल्या "ठेवली तरी चालेल. सहा महिन्यांनी परत मोजू."

आता दुसरा विषय, तो मूळ विषयच आहे खरंतर. मॅडम बोलता बोलता म्हणाल्या की पुढे मागे वाढली किंवा त्रास व्हायला लागला तरी कापणं हा एकच मार्ग नाही, व्हॅक्युमवाल्या पोकळ सुईने ओढून काढतात, बाहेरच्या देशात गोठवतात, आणि आवाजाने जाळतात. आवाजाने जाळतात म्हणजे काय हे माझ्या डोक्यात बसलं आणि पुढचे दोन महिने रात्री जेवणं झाल्यावर मी तेच वाचत बसले, ऑनलाइन डिक्शनरी शेजारी उघडून.

हायफू म्हणतात, हाय इंटेन्सिटी फोकस्ड अल्ट्रासाउंडचं छोटं नाव. जी अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज, सोनोग्राफीत चित्र काढते तीच, पण खूप जास्त ताकदीची आणि एका बिंदूवर गोळा केलेली. शाळेत भिंगाने कापूस पेटवायचो तसं, भिंगाच्या वरती ऊन तेच, हात घातला तरी काही होत नाही, पण जिथे सगळी किरणं एकत्र येतात तिथे धूर. इथे चामडी न कापता आत तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तापमान क्षणात साठ अंशांच्या वर जातं आणि तिथल्या पेशी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारख्या गोठून मरतात. मग मशीन पुढच्या दाण्यावर, मग पुढच्या, मधे मधे थांबून चामडी गार करायची. पूर्ण भूल नाही, जागा सुन्न करतात आणि थोडं गुंगीचं औषध, त्याच दिवशी उठून घरी. मेलेला भाग शरीर हळूहळू महिन्यामहिन्यांत साफ करतं. टाका नाही, कापल्याचा व्रण नाही. हे वाचताना माझा हात आपोआप माझ्या दोरीवर गेला, खोटं कशाला बोलू.

आणि हे काल परवाचं नाही. केंद्रित अल्ट्रासाउंडचे पहिले प्रयोग अमेरिकेत १९४० च्या दशकातले. गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी एमआरआयमध्ये बघत करायच्या मशीनला अमेरिकन एफडीएने २००४ मध्येच परवानगी दिली. स्तनातल्या फायब्रोअडेनोमावर बॉस्टनच्या ब्रिगम हॉस्पिटलच्या लोकांनी केलं, ते २००१ मध्ये छापून आलं, नऊ बायका आणि अकरा गाठी, त्यातल्या आठ गाठींवर चांगला परिणाम. नंतर फ्रान्सच्या थेराक्लिऑन कंपनीने एमआरआय नको, साध्या सोनोग्राफीवरच बघत करता येईल असं मशीन काढलं, एकोपल्स नावाचं, आणि बल्गेरिया आणि फ्रान्समध्ये बेचाळीस बायकांच्या एक्कावन्न गाठींवर वापरलं, ते २०१५ मध्ये आलं. लंडनमध्ये वीस जणींवर केलं, तिथे अख्खी गाठ न जाळता तिच्या भोवतीने कडं जाळलं, म्हणजे रसद तोडायची आणि वेळ पण वाचवायचा. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात पण झालं.

आता माझी बारीक अक्षरं वाचायची सवय. २०१५ च्या पेपरात लिहिलंय की वर्षभरात गाठीचं आकारमान सरासरी ७२.५ टक्क्यांनी कमी झालं. ऐकायला कसं भारी वाटतं, पाऊण गाठ गेली! पण थांबा, हे घनफळ आहे. आमच्याकडे कर्जाच्या व्याजाचा फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेट असतो ना, आकडा दिसतो एक आणि खिशातून जातो दुसरा, तसलाच प्रकार. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले, गाठ गोल धरली आणि घनमूळ काढलं, तर दोन सेंटिमीटरची गाठ ७२.५ टक्के कमी झाली म्हणजे साधारण एक पूर्णांक तीन सेंटिमीटरची राहिली. लंडनच्या वीस जणींमध्ये सहा महिन्यांत सरासरी घट साधारण ४३ टक्के, म्हणजे दोनची झाली एक पूर्णांक सहा की सात. बोटाला लागणारच. कडक पण लागेल, कारण आत आता मेलेला भाग आहे. म्हणजे जिला गाठ पूर्ण नाहीशी व्हायला हवी, जी रोज अंघोळीला चाचपून बघते आणि झोपत नाही, तिच्यासाठी हे नाहीये, तिची काढलेलीच बरी. जिला दुखतं, टोचतं, गाठ वरून दिसते आणि व्रण नकोय, तिच्यासाठी असू शकतं.

दुसरं बारीक अक्षर, जाळलं की तपासायला तुकडा उरत नाही. माझ्या वेळी निदान कापल्यानंतर तरी झालं, इथे नंतर होणारच नाही. म्हणून आधी सुईची तपासणी झालेली नसेल तर हायफूचं नाव पण घ्यायचं नाही, कारण फिलॉइड नावाची दुसरी गाठ दिसायला अगदी हिच्यासारखी आणि वागायला वेगळी. तिसरं, गाठ चामडीच्या फार जवळ असेल किंवा खाली फार खोल बरगडीला टेकलेली असेल तर जमत नाही, चामडी भाजायची भीती, दिवस गेलेले असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना करत नाहीत. नंतर दुखतं, लाल होतं, काळं निळं पडतं, क्वचित भाजल्याचा डाग राहतो. म्हणजे बिनटाक्याचं आहे, पण बिनत्रासाचं नाही. आणि चौथं, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१७ मध्ये जे लिहिलं त्याचा अर्थ असा की सुरक्षिततेबद्दल मोठी चिंता दिसत नाही पण उपयोग किती होतो याचा पुरावा अजून कमी आहे, तेव्हा करायचं तर पेशंटला हे नीट सांगून आणि सगळ्या नोंदी ठेवून करा. मला हे वाक्य फार आवडलं. माहीत नाही ते माहीत नाही असं सांगून पुढे जायचं.

हे सगळं तुम्हाला का सांगतीये, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सांगतीये अशासाठी की हे मशीन आपल्याकडे कधी ना कधी बोकाळणार आणि मला भीती त्याचीच आहे. मोतीबिंदूचं झालं, मूळव्याधीचं झालं, एसटी स्टँडवर बोर्ड बघा, "बिनटाक्याचे, बिनरक्ताचे, एका दिवसात घरी". उद्या त्याच्या शेजारी "छातीच्या गाठी, न कापता" असा बोर्ड लागेल, ईएमआयची सोय उपलब्ध, आणि ज्या पोरींना काहीच करायची गरज नाही त्या सगळ्या रांगेत उभ्या राहतील. आधी गरज नसताना कापत होतो, आता गरज नसताना जाळू, एवढाच फरक. कर्ज काढून येतील, ते कागद माझ्याच टेबलवर येतील.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बोर्डवाले आणायच्या आधी तुम्ही आणा. तुमच्या संघटनांनी मिळून एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये, पुणे म्हणा, मिरज म्हणा, नागपूर म्हणा, रीतसर एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन एक अभ्यास करावा, आपल्या बायकांवर, आपल्या चामडीवर. कारण गोऱ्या कातडीवरच्या डागाचं आणि आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवरच्या डागाचं गणित एक नसतं, केलॉइड पण आपल्याकडे जास्त, त्यामुळे न कापण्याचा फायदा कदाचित आपल्याला जास्त असेल आणि भाजल्यावर काळा डाग राहण्याचा तोटा पण कदाचित जास्त असेल, हे बल्गेरियातल्या आणि लंडनमधल्या बायकांवरून कसं कळणार. वर्षाने काय झालं, दोन वर्षांनी काय झालं, किती जणींना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, लिहून ठेवा आणि मराठीत सांगा.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. माझा एक शाळासोबती तुमच्यातलाच आहे, त्याला फोन केला तर तो दहा मिनिटं नुसता बोलत होता. म्हणाला, तू सुशिक्षित आहेस, सहा महिन्यांनी येशील, वाडीवरची बाई परत येते का? ती येते थेट तीन वर्षांनी, गाठ लिंबाएवढी घेऊन, आणि ती कॅन्सरची निघाली तर नातेवाईक माझ्या काचा फोडतात. कापून मोकळं झालं की माझ्या डोक्याला ताप नाही, तिच्या पण नाही. आणि खरं सांगू का, म्हणाला, अर्ध्या केसमध्ये आयाच म्हणतात काढाच डॉक्टर, लग्नाच्या आधी. हे पण खरंच आहे, माझी आई तशीच म्हणाली होती. आणि काही गाठी बहुतेक वेळा काढायलाच सांगतात, खूप मोठी झालेली, भराभर वाढणारी, तुकड्यात काही शंका आलेली, ते मला मान्य आहे.

पण परत येत नाहीत म्हणून कापायचं हे उत्तर मला पटत नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं जो अभ्यास चालवला तो तुम्हाला पाठ असेल, दीड लाखाच्या वर बायका, साध्या घरातल्या, पस्तीस ते चौसष्टच्या, आणि त्यांच्या छातीची हाताने तपासणी कुणी केली, तर ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी. वय वेगळं, प्रश्न वेगळा, तिथे कॅन्सर लवकर सापडतो का हे बघायचं होतं आणि तो खरंच लवकरच्या स्टेजला सापडत गेला. पण मला त्यातलं हे दिसतं की बायका परत आल्या, कारण कुणीतरी त्यांच्या दारात गेलं. गावात आशाताई बाळाच्या डोसाची तारीख बरोबर लक्षात ठेवते, तिच्या वहीत अजून एक रकाना वाढवला, "गाठ, साधी, परत सोनोग्राफी अमुक महिन्यात", तर ती ते पण करेल, फक्त त्याचे तिला पैसे द्या, फुकटची कामं तिच्यामागे आधीच ढीगभर आहेत.

आणि बाकीचं जे मी मागतीये त्याला मशीन लागत नाही, पैसे पण लागत नाहीत. कापायच्या आधी सुई. सोनोग्राफी करताना टायपिस्टला जे सांगता त्यातलं एक वाक्य टेबलवरच्या मुलीला. तपासताना दार बंद, आणि तिला विचारून एक बाई सोबत. ऑपरेशन करायचंच असेल तर व्रण कुठे येईल, कसा येईल, घरात कुणाला केलॉइड आहे का, हे आधी विचारा, आणि शक्य असेल तिथे स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेने चीर घ्या, तिथे ती लपते, हे तुम्हाला माहितीये, तरी माझी वरती मधोमध आहे. संमतीचा कागद मराठीत, आणि त्याच्यावर पहिला पर्याय "सध्या काही न करता लक्ष ठेवणे" असा छापलेला असू दे, शेवटी बारीक अक्षरात नको. "तुमची जबाबदारी" हे तर बंदच करा. वाटलं तर "आपण दोघं मिळून लक्ष ठेवू" म्हणा, खर्च तेवढाच येतो.

लग्नाचं मात्र तुमच्यावर ढकलत नाही, ते आमचं आमच्यात आहे. पण पेशंटच्या आईने लग्नाचं काढलं की तुम्ही मान डोलावता ना, तिथे जरा थांबून "याचा आणि लग्नाचा काही संबंध नाही, मूल होण्याशी नाही, दुधाशी नाही" एवढं म्हणालात तर आई ऐकते, डॉक्टरचं ऐकते ती, आमच्यासारख्या मावश्यांचं नाही ऐकत. माझी ताई अजून दर आठवड्याला विचारते, काढूनच टाकू का गं, तुझं कसं निघालं एकदाचं. मी तिला माझी दोरी दाखवली, लग्नानंतर पहिल्यांदा कुणाला तरी घरात उजेडात दाखवली. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली.

भाचीची सहा महिन्यांची तारीख ऑगस्टमध्ये आहे, सकाळी साडेनऊची. तिने मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलाय, "उंदीर मोजणे". आम्ही दोघी येतोय. वाढला असेल तर काय करायचं ते तेव्हा बघू, सगळे पर्याय समोर मांडून. तुमच्यापैकीच कुणीतरी त्या खोलीत असाल, तेवढं जेल जरा कोमट करून ठेवता आलं तर बघा.

तुमची,
एक जुनी पेशंट आणि एका नव्या पेशंटची मावशी